जपानी कार्टून गावापर्यंत कोणी आणले?

जालन्याहून भोकरदनकडे निघाले की राजूरच्या गणपतीचे देऊळ मागे पडते आणि पुढे पूर्णेकाठचे केदारखेडा लागते. कपाशी, मका आणि मिरचीचा हा पट्टा. इथल्या तिशीतल्या कोणालाही लहानपणी टीव्हीवर काय बघायचास म्हणून विचारा, मोगली, पिकाचू, गोकू, नोबिता, शिनचॅन ही नावे तो एका दमात घेतो. ही सगळी कार्टून जपानात बनलेली. पण यांची छापील वेष्टनातली, रीतसर परवान्याची कॅसेट किंवा डिस्क तू कधी विकत घेतलीस का, असा पुढचा प्रश्न केला की तो गोंधळतो. बघितले सगळे, विकत घेतले काहीच नाही. ॲनिमे, म्हणजे ही जपानी कार्टून, अमेरिकेत घराघरांत पोहोचले ते बऱ्याच अंशी कॅसेटच्या आणि डिस्कच्या विक्रीतून. आपल्याकडे तो टप्पा जवळजवळ वगळूनच ते आले. असे का झाले आणि त्यात आपले काय गेले, हे नीट तपासून पाहण्यासारखे आहे.

आधी बाहेर काय घडले ते पाहू. थिएटरसाठी नाही आणि टीव्हीसाठीही नाही, थेट घरच्या व्हीसीआरसाठी म्हणून काढलेली पहिली जपानी ॲनिमे मालिका ‘डालोस’. ती डिसेंबर 1983 मध्ये बाजारात आली. तेव्हापासून जपानात हा वेगळाच धंदा उभा राहिला. निर्मात्याला चॅनेलची मर्जी सांभाळावी लागत नव्हती, कारण बघणारा थेट पैसे मोजत होता. अमेरिकेत मात्र हा माल पोहोचवायला कोणी मोठी कंपनी पुढे आली नाही. तिथे आधी आले ते शौकीन. 1977 साली लॉस एंजेलिसमध्ये काही जणांनी मंडळ काढले. जपानहून मागवलेल्या कॅसेट ते एकत्र बसून बघत आणि एकमेकांना नकलून देत. पुढे घरच्या अमिगा संगणकाला एक यंत्र जोडून चित्रावर इंग्रजी ओळी उमटवता येऊ लागल्या. जपानी येणारा एखादा विद्यार्थी भाषांतर करी, दुसरा वेळ जुळवून ओळी बसवी आणि कोरी कॅसेट व टपालखर्च पाठवणाऱ्याला प्रत मिळे. या मंडळींनी स्वतःला एक शिस्त लावून घेतली होती. एखाद्या चित्रपटाचा परवाना कोणी रीतसर घेतला की त्याच्या नकला देणे बंद करायचे. सगळ्यांनीच ती पाळली असे नाही, पण शिस्त होती आणि तिला मान होता.

याच वर्तुळातून किंवा त्याच्या काठावरून कंपन्या निघाल्या. 1987 मध्ये आयोवा राज्यात ‘राइट स्टफ’ सुरू झाली, 1988 मध्ये ‘स्ट्रीमलाइन’ आणि ‘ॲनिमेगो’, 1990 मध्ये ‘सेंट्रल पार्क मीडिया’, 1992 मध्ये ह्यूस्टनला ‘एडी व्हिजन’. ‘ॲनिमेगो’चे रॉबर्ट वुडहेड हे मूळचे संगणक-खेळ बनवणारे. दुकानदार हा माल ठेवायला तयार नसत, म्हणून सुरुवातीला टपालाने विक्री चाले. छापील यादी घरी यायची, चेक पाठवायचा आणि कॅसेटची वाट पाहायची. एका कॅसेटमध्ये बहुधा दोनच भाग बसवलेले असत आणि किंमत तीस-पस्तीस डॉलर. म्हणजे 26 भागांची मालिका पुरी करायला तेरा कॅसेट. मूळ जपानी आवाज आणि खाली ओळी हवे असतील तर कॅसेट वेगळी, इंग्रजी आवाजाची वेगळी, आणि ओळींची कॅसेट बहुतेक वेळा महाग. 1996 साली ‘घोस्ट इन द शेल’ अमेरिकेच्या व्हिडिओ-विक्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेला, तेव्हा मॉलमधल्या दुकानांनी ॲनिमेसाठी वेगळ्या फळ्या राखल्या. 1997 नंतर डीव्हीडी आली आणि दोन्ही भाषा एकाच डिस्कवर बसल्या. आवाज कोणता हवा यावरून शौकिनांत चाललेली जुनी भांडणे त्यामुळे निदान दुकानात तरी मिटली.

या इतिहासात मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती ‘राइट स्टफ’ची जागा. आयोवा म्हणजे मक्याचा आणि बियाण्यांचा प्रदेश. समुद्र दूर, चित्रपटांची नगरी दूर, जपान तर पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला. तरी अमेरिकेतल्या ॲनिमेच्या सर्वांत मोठ्या टपाल-पेढ्यांपैकी एक तिथून चालली. जालनासुद्धा बियाण्यांचेच शहर. 1964 साली बद्रीनारायण बारवाले यांनी इथे महिको सुरू केली आणि पुढे शहरात बियाण्यांच्या कंपन्यांची रांग लागली. तेव्हा आडगाव म्हणून माल पोहोचला नाही, हे कारण मला पटत नाही. जालन्यातून निघालेले बियाण्याचे पाकीट केदारखेड्यात पोहोचते, सिल्लोडच्या डोंगरकपारीत पोहोचते आणि विदर्भातही पोहोचते. त्यावर लॉट नंबर असतो, उगवणशक्तीची टक्केवारी असते, तपासणीची तारीख असते. गावातला कृषी सेवा केंद्रवाला ते उधारीवर देतो आणि बी उगवले नाही तर शेतकरी त्याच्याच दारात जाऊन उभा राहतो. शेवटच्या गावापर्यंत माणसांची साखळी उभारणे आपल्याला चांगले जमते. चित्रपटाच्या डिस्कसाठी ती कोणी उभारली नाही, एवढेच.

आपल्याकडे सुरुवात झाली टीव्हीवरून. ‘जंगल बुक’ ही निप्पॉन ॲनिमेशनची 52 भागांची मालिका 1993 पासून दूरदर्शनवर रविवारी सकाळी लागे. हिंदीतले शीर्षकगीत गुलजारांचे, चाल विशाल भारद्वाजची आणि शेरखानला आवाज नाना पाटेकरांचा. हे जपानी आहे असा विचारही तेव्हा कोणाच्या मनात आला नसेल. कथा आपल्या जंगलातली, आवाज ओळखीचा. गावात ज्याच्याकडे टीव्ही त्याच्या ओसरीवर पोरांची दाटी. नंतर केबल आली. 2003 मध्ये पोकेमॉन हिंदीत सुरू झाले. 2004 मध्ये ॲनिमॅक्स ही खास ॲनिमेची वाहिनी आली, पण ती इंग्रजीत होती आणि शहरी पोरांपुरतीच राहिली. खेड्यापाड्यांत शिरले ते हंगामा टीव्हीवरचे डोरेमॉन आणि शिनचॅन, 2005-06 मध्ये. आमच्या भागातली शाळकरी पोरे घरात मराठी आणि खेळात हिंदी बोलू लागली ती याच काळात, असे अनेक शिक्षक सांगतात. मला त्यांचे म्हणणे खरे वाटते.

टीव्हीवरचे आवडले तर ते पुन्हा बघायला घरी आणता येते, ही सोय मात्र पोरांना कोणी दिली नाही.

म्हणजे आपल्याकडे होम व्हिडिओ नव्हता असे नाही. 1982 च्या आशियाई खेळांच्या सुमारास रंगीत टीव्ही आला आणि पाठोपाठ व्हीसीआर आले. मुंबईत शेमारू हे 1962 पासूनचे पुस्तकांचे फिरते वाचनालय. त्यांनी 1979 मध्येच व्हिडिओ कॅसेट भाड्याने द्यायला सुरुवात केली होती. गावांत घरोघरी व्हीसीआर येणे शक्य नव्हते. तिथे गणपतीत किंवा लग्नाच्या वरातीनंतर वर्गणी काढून टीव्ही, व्हीसीआर आणि तीन कॅसेट असा संचच रात्रभरासाठी भाड्याने येई. चावडीसमोर किंवा देवळाच्या पटांगणात तीन पिक्चर सलग लागत आणि पहाटे कोंबडा आरवला की संच परत जाई. त्या कॅसेट बहुतांश चोरीच्याच असत. 1984 साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली ती याच कारणाने. शिक्षा वाढली आणि कॅसेटवर निर्मात्याचे व हक्कदाराचे नाव-पत्ता व सेन्सॉरचा दाखला छापणे सक्तीचे झाले. म्हणजे बियाण्याच्या पाकिटासारखाच कायदेशीर मजकूर कॅसेटच्या वेष्टनावरही आला. फरक पडला तो तालुक्याच्या पातळीवर, कारण तसे वेष्टन असलेला माल तिथे येतच नव्हता.

मग व्हीसीडी आली. हे माध्यम अमेरिकेत कधी रुजलेच नाही, आपल्याकडे मात्र त्याने राज्य केले. एका चकतीवर 74 मिनिटे, चित्र साधारण व्हिडिओ कॅसेटइतपतच बरे, पण प्लेअर स्वस्त आणि चकती त्याहून स्वस्त. या व्हीसीडीने मराठीत एक मोठे काम केले, त्याची नोंद व्हायला हवी. पुण्याच्या फाउंटन म्युझिक आणि मुंबईच्या एव्हरेस्टसारख्या कंपन्यांनी मराठी नाटके आणि जुने मराठी चित्रपट व्हीसीडीवर आणले. नाटकाला हे माध्यम मानवले, कारण अंक संपला की चकती बदलायची. ज्या गावात नाटक कंपनीची बस कधी आली नाही आणि येणारही नव्हती, तिथे दिवाळीत मुंबईहून आलेला मुलगा दोन चकत्यांचा संच घेऊन येऊ लागला. त्याआधी अलूरकर म्युझिक हाऊसने पु. ल. देशपांडे यांचा आवाज कॅसेटवरून घराघरांत नेला होता, त्याच वाटेवरचे हे पुढचे पाऊल. आणि त्याही आधी, 1974 मध्ये सुरू झालेल्या ग्रंथाली वाचक चळवळीने पुस्तकांसाठी हेच करून दाखवले. दया पवारांचे ‘बलुतं’ आणि लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ ही त्यातूनच आलेली पुस्तके. वाचकांनी आधी पैसे भरायचे, प्रकाशन त्या जोरावर करायचे आणि पुस्तके घेऊन गावोगाव फिरायचे. अमेरिकेतल्या ॲनिमेवेड्यांनी आपल्या कंपन्या उभ्या केल्या त्यामागची ओढ यापेक्षा फार वेगळी नव्हती. आपल्या आवडीची गोष्ट दुसऱ्याच्या हातात पडावी यासाठी झटणारी माणसे मराठीत होती. ती चित्रपटाकडे, आणि मुलांच्या चित्रपटाकडे तर फारच कमी वळली.

2007 च्या सुरुवातीला मोझर बेअरने बाजार ढवळून काढला. व्हीसीडी 28 रुपये, डीव्हीडी 34 रुपये. दीपक पुरी यांची ही कंपनी स्वतः डिस्क बनवणारी, म्हणून हा दर तिला परवडला. चोराच्या मालाशी किमतीत टक्कर द्यायची, हा तिचा उघड हेतू होता. तो हेतू योग्यच होता आणि काही वर्षे तो सफलही झाला. मराठी चित्रपट एसटी स्टँडवरच्या पुस्तकांच्या स्टॉलवर आणि किराणा दुकानात टांगलेले दिसू लागले. पण जपानी मालिकांची गोष्ट वेगळी. त्यांचे हक्क देशागणिक आणि भाषेगणिक विकलेले असत. अमेरिकेची डीव्हीडी कोणी नातेवाईक घेऊन आला तरी ती इथल्या प्लेअरवर चालेलच याची खात्री नव्हती, कारण डीव्हीडीच्या वाटणीत अमेरिका पहिल्या विभागात, जपान दुसऱ्या आणि भारत पाचव्या. संभाजीनगरच्या पैठण गेटला किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला सर्व विभागांच्या चकत्या चालवणारा प्लेअर मिळे, पण तेवढी माहिती असलेला ग्राहक गावात कुठून येणार?

शिवाय वीज. 2005 नंतरची काही वर्षे ग्रामीण महाराष्ट्राने जे भारनियमन सोसले ते ज्यांनी भोगले त्यांनाच ठाऊक. दिवसाचे बारा-बारा तास वीज नाही, आणि जेव्हा असेल तेव्हा मोटार चालू करायला आधी शेतात पळायचे. अशा घरात डीव्हीडी प्लेअर म्हणजे कपाटावरची शोभेची वस्तू. होम व्हिडिओच्या इतिहासात स्वस्त चकत्या, चोरी आणि इंटरनेट यांची चर्चा होते. मराठवाड्यात डिस्क मागे पडण्याचे पहिले कारण मला भारनियमन वाटते. कारण त्याच सुमारास बॅटरीवर चालणारा, रात्री चार्ज करून दिवसभर बघता येणारा पडदा लोकांच्या खिशात आला.

तालुक्याच्या गावातले ते मोबाईलचे दुकान ज्याने पाहिले त्याला ते विसरता येणार नाही. पत्र्याचा गाळा, बाहेर रिचार्जचे फलक, आत एक संगणक आणि त्याला जोडलेला इन्व्हर्टर. पोरगा खिशातून फोन काढतो, मागचे झाकण नखाने उचकटून नखाएवढे मेमरी कार्ड दुकानदाराच्या हातावर ठेवतो. दुकानदार ते कार्ड रीडरमध्ये घालतो. पडद्यावर फोल्डरांची रांग उघडते: मराठी भीमगीते, लोकगीते, नवीन हिंदी, साउथ डब, कार्टून. कार्टून उघडले की डोरेमॉनचे पिक्चर, शिनचॅनचे भाग, ड्रॅगन बॉल. फाइल छोट्या पडद्यासाठी आधीच आकसून ठेवलेली, म्हणजे कार्डात जास्त मावते. हिरवी पट्टी सरकत जाते, दुकानदार तेवढ्या वेळात दुसऱ्याचा रिचार्ज मारतो. शेवटी दहा-वीस रुपये, कार्ड भरून. आईबरोबर बाजाराला आलेला पोरगा संध्याकाळच्या काळीपिवळीत बसून ते बघायला लागलेला असतो.

हा दुकानदार कायद्याने गुन्हेगार होता, यात शंका नाही. महाराष्ट्राने तर 2009 साली झोपडपट्टीदादा आणि हातभट्टीवाल्यांसाठीच्या स्थानबद्धतेच्या कायद्यात व्हिडिओचोरांचाही समावेश केला, म्हणजे खटल्याविना वर्षभर आत ठेवण्याची तरतूद. मूळ चित्रकाराला, आवाज देणाऱ्याला एक पैसा मिळत नव्हता, ही हानी खरीच आहे आणि तिचे समर्थन मी करणार नाही. पण गिऱ्हाईक कोण, त्याला कोणता भाग हवा, त्याच्या फोनला कोणती फाइल चालते आणि तो किती पैसे देऊ शकतो, हे सगळे जाणणारा संपूर्ण साखळीतला एकमेव माणूस तो होता. त्याला परवाना देऊन अधिकृत विक्रेता करावे, महिन्याला ठरावीक रक्कम घ्यावी आणि फाइली आपण पुरवाव्यात, हे तेव्हा तांत्रिकदृष्ट्या अवघड नव्हते. अमेरिकेत नकला करणारे शौकीनच पुढे परवानाधारक झाले. बियाण्याच्या कंपनीने गावच्या दुकानदाराला विश्वासात घेतले म्हणून तिचा माल गावात गेला. चित्रपटवाल्यांनी त्याच दुकानदाराकडे फक्त पोलीस पाठवले.

ऑनलाइन विक्रीची गोष्ट थोडक्यात सांगता येते, कारण गावाशी तिचा संबंध उशिरा आला. 1999 मध्ये बंगळुरूच्या फॅबमार्टने संगीतापासून सुरुवात केली, पुढे ती इंडियाप्लाझा झाली आणि 2013 मध्ये बंद पडली. 2007 मध्ये फ्लिपकार्ट आले आणि 2010 मध्ये त्यांनी माल हातात आल्यावर पैसे देण्याची सोय काढली. मराठी वाचकाला ही कल्पना नवी नव्हती. प्रकाशकांची पुस्तके व्हीपीने येत आणि पोस्टमनला पैसे देऊन सोडवून घ्यायची, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या केले होते. पण आमच्या भागातल्या पिनकोडवर घरपोच सेवा नियमित मिळू लागेपर्यंत डिस्कचा काळ सरला होता. मुंबईचे ऱ्हिदम हाऊस 2016 मध्ये बंद झाले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जिओ आले आणि कार्ड भरून देणाऱ्याचा धंदा काही महिन्यांत आटला. मोझर बेअर 2018 मध्ये दिवाळखोरीत निघाली.

अमेरिकेतही पडझड झालीच. 2006 मध्ये तिथली मॉलमधली मोठी दुकानसाखळी बुडाली, 2007 ते 2009 या काळात जेनिऑनची अमेरिकी शाखा, सेंट्रल पार्क मीडिया आणि एडी व्हिजन एकेक करून मिटल्या. उरलेला बाजार हळूहळू क्रंचीरोलकडे गेला. ही मुळात 2006 ची, लोकांनी चोरून चढवलेल्या भागांवर वाढलेली वेबसाइट, पुढे परवाने घेऊन रीतसर झालेली. आता ती सोनीकडे आहे आणि आयोवाची ‘राइट स्टफ’ही तिनेच विकत घेऊन 2023 मध्ये बंद केली. एप्रिल 2024 मध्ये सोनीच्याच ‘फनिमेशन’चे ॲप बंद झाले, तेव्हा डिस्कबरोबर कायमची म्हणून मिळालेली डिजिटल प्रत ग्राहकांच्या हातून गेली. ज्यांच्याकडे डिस्क होती त्यांच्याकडे ती राहिली. पैसे भरून बघणे आणि वस्तू घरात असणे यांतला हा फरक आपल्याकडेही कळायला हवा. महाराष्ट्रात अकरा-बारा हजार मान्यताप्राप्त सार्वजनिक ग्रंथालये आहेत, कितीतरी खेड्यांत आहेत. त्यांच्या कपाटात मराठी नाटकांच्या आणि मुलांच्या चित्रपटांच्या डिस्क त्या काळीच जमा झाल्या असत्या, तर आज जी नाटके फक्त कोणाच्या तरी माळ्यावरच्या ओरखडे पडलेल्या चकतीवर आहेत ती शोधत फिरावे लागले नसते. अमेरिकेतल्या गावोगावच्या वाचनालयांनी ॲनिमेच्या डिस्क अशाच जपल्या.

आज परवान्याचे ॲनिमे केदारखेड्यातल्या फोनवर येते. क्रंचीरोलने 2022 मध्ये भारतासाठी दर महिना 79 रुपयांवर आणला, म्युझ एशिया या वितरकाने कितीतरी भाग यूट्यूबवर फुकट ठेवले. 2019 मध्ये ‘वेदरिंग विथ यू’ हा जपानी चित्रपट भारतीय थिएटरांत आला तो पन्नास हजारांच्या आसपास सह्यांच्या मागणीमुळे. सप्टेंबर 2025 मध्ये ‘डेमन स्लेयर’चा ‘इन्फिनिटी कॅसल’ जपानी, इंग्रजीबरोबर हिंदी, तमिळ आणि तेलुगूत लागला. किंमत, वीज, पिनकोड हे तीन अडसर गेले. चौथा, भाषेचा, जसाच्या तसा आहे. मराठी माणसाला हिंदी कळते, हे गृहीत धरून वितरकांनी हा खर्च नेहमीच वाचवला आणि आपणही तो वाचवू दिला. खरे तर मराठी आवाज चढवला की लोक बघतात. ‘बाहुबली’ 2021 मध्ये मराठीत आला, अमोल कोल्हे यांच्या आवाजासह, आणि तो दाखवला शेमारूच्याच मराठी वाहिनीने.

म्हणून माझी मागणी एका चित्रपटापासून आहे. युगो साको यांनी राम मोहन यांच्या साथीने केलेला ‘रामायण: द लेजेंड ऑफ प्रिन्स रामा’ जानेवारी 1993 मध्ये दिल्लीच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात दाखवला गेला. संगीत वनराज भाटियांचे आणि संस्कृत गीते वसंत देव यांची. मराठी नाटके हिंदीत नेण्यासाठी ज्यांनी आयुष्य वेचले, तेच हे वसंत देव. पुढच्या पिढीने हा चित्रपट टीव्हीवर पाहिला, तुकड्यातुकड्यांनी, हिंदीत, अरुण गोविलांच्या आवाजात. 24 जानेवारी 2025 ला तो देशभर थिएटरांत लागला, हिंदी, इंग्रजी, तमिळ, तेलुगूत. चित्रे तयार आहेत, गाणी तयार आहेत, हक्कदार ठाऊक आहे. लागेल तो सव्वादोन तासांचा मराठी संवादलेख आणि नाटकाच्या रंगमंचावर घडलेले दहा-बारा आवाज. एवढे झाले की गावातला मोबाईलवाला, शाळेचा प्रोजेक्टर आणि राजूरच्या जत्रेतला पडदा, तिघांनाही तो एकाच वेळी देता येईल.